आखूड नळीच्या .३८ रिव्हॉल्व्हरसाठी काडतूस कोणतं घ्यावं?

प्रश्न असा आहे: पाच काडतुसांचा .३८ स्पेशल रिव्हॉल्व्हर, नळी जेमतेम पावणेदोन इंची, फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असल्याने रिकाम्याचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. तो घरातच राहणार आहे आणि वेळ आलीच तर नवरा-बायको दोघांपैकी कोणालाही चालवावा लागेल. एक सल्ला मिळाला की सगळ्यात जोरकस प्लस-पी (जास्त दाबाचं) हॉलो पॉइंट, म्हणजे तोंडाला खळगा असलेली, आत फुलणारी गोळी, घ्या, दुसरा मिळाला की साधं वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाची शिशाची गोळी, पुरे. कोणाचं ऐकायचं?

थोडक्यात उत्तर: दोघांपैकी ज्याचे हात कमजोर आहेत त्याला पाचही गोळ्या झपाझप एका ठिकाणी लावता येतील असं सगळ्यात जोरकस काडतूस घ्या, त्याहून जोरकस नको. या वजनाच्या हत्यारात बऱ्याच लोकांसाठी ते १४८ ग्रेनचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) वॅडकटर निघतं. ज्यांचा सराव नियमित आहे त्यांच्यासाठी आखूड नळीसाठीच बनवलेलं १३० किंवा १३५ ग्रेनचं प्लस-पी निघतं. हे असं का, हे समजून घेतलं तर पुढे नवीन काडतूस बाजारात आलं तरी निवड स्वतःची स्वतः करता येईल.

त्याआधी नळीवर काय कोरलंय ते वाचा. ‘.३८’ एवढंच ऐकून काडतूस आणणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. .३८ स्पेशल वेगळं आणि .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) वेगळं. दुसरं हे जुन्या वेब्ली आणि एनफिल्ड रिव्हॉल्व्हरांचं काडतूस, त्याची पुंगळी (दारू भरलेलं पितळी कवच) आखूड आणि जाड, गोळीही किंचित जाड. ब्रिटिश लष्करात त्यालाच .३८० रिव्हॉल्व्हर म्हणत, त्यामुळे पिस्तुलाच्या .३८० एसीपीशीही गल्लत होते. ही तिन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात .३८ स्पेशल बिनधास्त चालतं, कारण गोळीचा व्यास तोच, फक्त मॅग्नमची पुंगळी सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब. उलटं मात्र चालत नाही. आणि ‘प्लस-पी’ हा शिक्का नळीवर किंवा माहितीपुस्तिकेत नसेल तर प्लस-पी घालूच नका. साध्या .३८ स्पेशलला दाबाची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), प्लस-पीला २०,०००, .३५७ मॅग्नमला ३५,०००. जुन्या हलक्या फ्रेमा पहिल्या आकड्यासाठीच बनल्या आहेत. एका प्लस-पी गोळीने त्या फुटतील असं नाही, पण फ्रेम ताणली जाते, काडतुसं धरणारा फिरता सिलिंडर ढिला पडतो, आणि मग सिलिंडरचं चेंबर (काडतूस बसतं ते भोक) नळीसमोर सरळ येईनासं होतं.

आता धक्क्याचा हिशेब. गोळीचं वजन ग्रॅममध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन नुसता गुणाकार केला तरी तुलना पुरेशी कळते. १४८ ग्रेनचं वॅडकटर म्हणजे ९.६ ग्रॅम, पावणेदोन इंची नळीतून साधारण २०० मीटरने निघतं, गुणाकार सुमारे १,९००. १३५ ग्रेनचं प्लस-पी म्हणजे पावणेनऊ ग्रॅम, २६० मीटर, सुमारे २,३००. १५८ ग्रेनचं प्लस-पी म्हणजे १०.२ ग्रॅम, २४५ मीटर, २,५००. आणि त्याच आकाराच्या रिव्हॉल्व्हरातून १२५ ग्रेनचं .३५७ मॅग्नम सहज ३,००० पर्यंत जातं. यात जळालेल्या दारूचा वायू धरलेला नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. वॅडकटरमध्ये दारू पाव ग्रॅमसुद्धा नसते. पूर्ण भाराच्या मॅग्नममध्ये ती ग्रॅमभराच्या घरात जाते, आणि तो वायू गोळीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने बाहेर पडतो. शिवाय हाताला जाणवणारी धक्क्याची ऊर्जा या बेरजेच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून आकडा दीडपट दिसला तरी हाताला तो तिपटीच्या वर लागतो. भरलेला रिव्हॉल्व्हर जेमतेम अर्धा किलोचा असला की दुसऱ्या गोळीपर्यंत मूठ सरकलेली असते आणि तिसऱ्या गोळीला चाप ओढण्याआधीच हात दचकतो.

मॅग्नमचा विषय इथेच संपवू. पावणेदोन इंची नळीत त्याची बरीचशी दारू नळीबाहेर जळते. मिळतो तो भला मोठा भडका, १६० डेसिबलच्या आसपासचा आवाज आणि थोडासा जास्तीचा वेग. बंद खोलीत, रात्री, कानावर काही नसताना हे परवडत नाही. साध्या .३८ चा आवाजही १५० च्या पुढे असतो आणि कानाला कायमची इजा व्हायला १४० पुरतात, पण भडक्याने डोळ्यांपुढे अंधारी यायचा त्रास तिथे बराच कमी. तुमचा रिव्हॉल्व्हर .३५७ चा असला तरी त्यात .३८ च घाला.

गोळीने काय करायला हवं याचं माप १९८६ च्या एप्रिलमध्ये मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेने ठरवलं. १० टक्के ऑर्डनन्स जिलेटिनच्या (मांसाच्या जागी चाचणीला वापरायच्या जेलीच्या) ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच, म्हणजे ३० सेंटिमीटर, जायला हवी आणि १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या पुढे जायला नको. लोकांना ३० सेंटिमीटर फार वाटतात. पण समोरचा माणूस छाती पुढे करून उभा राहत नाही. तो आडवा असतो, वाकलेला असतो, पुढे आलेला हात मध्ये येतो. मध्ये दंड आला की त्यातच बरीच खोली खर्च होते. म्हणून आधी खोली, मग गोळीचं फुलणं. हा क्रम उलटा केला की निवड चुकते.

आखूड नळीत हा प्रश्न टोकाचा होतो, कारण हॉलो पॉइंट फुलायला वेग लागतो. चार इंची नळीच्या तुलनेत पावणेदोन इंचीत .३८ चा वेग सेकंदाला २५ ते ४० मीटरने कमी पडतो. खोक्यावर छापलेला वेग बहुतेक वेळा चार इंची चाचणी-नळीचा असतो. कंपनीच्या तक्त्यात आकड्यापुढे ‘४-व्ही’ असं लिहिलेलं दिसतं, त्याचा अर्थ चार इंची, सिलिंडर आणि नळीमधली फट धरून मोजलेला. त्या आकड्यातून तुमच्या नळीचं नुकसान वजा करा. मग दिसतं की कित्येक नावाजलेली हॉलो पॉइंट तुमच्या नळीतून फुलण्याच्या उंबरठ्याखाली जातात. कापड मध्ये आलं की आणखी एक भानगड: गोळीच्या तोंडाचा खळगा कापडाच्या चोथ्याने भरतो आणि ती साध्या गोलनाक्या गोळीसारखी वागू लागते. यासाठीच डेनिमचे चार थर लावून केलेली चाचणी बघायची, उघड्या जिलेटिनची नव्हे. पाण्याने भरलेल्या कॅनवरच्या चाचण्या करमणूक म्हणून ठीक. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे त्यात गोळी वाजवीपेक्षा जास्त फुलते. बाजारात मिळणारं पारदर्शक कृत्रिम जेलही खऱ्या जिलेटिनसारखं वागत नाही, म्हणून त्यातले सेंटिमीटर जसेच्या तसे घेऊ नका. एकाच जेलमधल्या दोन काडतुसांची तुलना तेवढी करा.

आता प्रकारांकडे.

वॅडकटर म्हणजे सपाट तोंडाची, नुसती नळकांड्यासारखी शिशाची गोळी, बहुतेक वेळा पुंगळीच्या काठाशी समतल बसवलेली. ही मुळात कागदी टार्गेटसाठी बनली, कागदात स्वच्छ गोल भोक पाडावं म्हणून. तीच धारदार कडा तिच्या कामाची ठरते. गोलनाकी गोळी मांस बाजूला सारत जाते, सपाट गोळी आपल्या पूर्ण व्यासाइतकं कापत जाते. फुलण्याचा प्रश्नच नसल्याने कापडाने काही बिघडत नाही. खोली पुरेशी मिळते, वाट सरळ राहते, धक्का सौम्य, भडका जवळपास नाही. दोन उणिवा. वेग कमी असल्याने गाडीची काच किंवा दार अशा अडथळ्यांपुढे ती लंगडी पडते, पण घरात हा प्रश्न सहसा येत नाही. दुसरी उणीव हाताळणीची: सपाट तोंडाची कडा चेंबरच्या काठाला अडकते आणि स्पीडलोडरने (पाचही काडतुसं एकदम भरायच्या साधनाने) भरताना हमखास घोळ होतो. त्यावर तोडगा सोपा आहे. सिलिंडरमध्ये वॅडकटर ठेवा आणि जादाच्या पाचांसाठी गोल किंवा निमुळत्या तोंडाची काडतुसं ठेवा, ती आपसूक आत घसरतात. मात्र दोन्ही एकाच ठिकाणी लागतात का हे आधी बघून घ्या.

एक इशारा. स्वतः काडतुसं भरणारे काही जण पोकळ बुडाचं वॅडकटर उलटं बसवून घरगुती ‘महा-हॉलो पॉइंट’ बनवतात. हे करू नका. उलट्या गोळीचं नळीतलं वागणं बेभरवशाचं असतं, नेमही जातो. पोकळ बुडाच्या गोळीला जोरकस भार दिला तर तिची पातळ झालर फाटून नळीत राहू शकते, आणि पुढची गोळी तिच्यावर जाऊन आदळते. मुळात स्वसंरक्षणासाठी कारखान्यात भरलेलंच काडतूस वापरावं. त्याचा भार खोक्यावरच्या लॉट नंबरावरून सिद्ध करता येतो, घरी भरलेल्याचा येत नाही.

१५८ ग्रेनचं शिशाचं सेमी-वॅडकटर (निमुळतं पण टोकाला सपाट) हॉलो पॉइंट, प्लस-पी. याला ‘एफबीआय लोड’ म्हणतात, कारण १९७० च्या दशकात त्या खात्याने ते घेतलं होतं. मऊ शिसं, वर तांब्याचं आवरण नाही, त्यामुळे कमी वेगातही तोंड दबतं. दबलं नाही तरी वजनामुळे खोली मिळते. चार इंची नळीच्या पोलादी रिव्हॉल्व्हरात हे आजही उत्तम. सव्वाचारशे ग्रॅमच्या हत्यारात मात्र दोन दोष निघतात: धक्का मोठा, आणि गोळी पुढे सरकण्याची भीती सगळ्यात जास्त. त्याबद्दल पुढे.

१३० ते १३५ ग्रेनची नवी प्लस-पी काडतुसं आखूड नळी समोर ठेवूनच बनवलेली आहेत. स्पीअर गोल्ड डॉटचं १३५ ग्रेनचं ‘शॉर्ट बॅरल’ न्यूयॉर्क पोलिसांच्या छोट्या रिव्हॉल्व्हरांसाठी घडलं. त्याचा जाहीर वेग १.९ इंची नळीचाच आहे, सेकंदाला ८६० फूट, म्हणजे २६२ मीटर. खोक्यावरचा आकडा तुमच्या नळीला लागू पडावा असं हे विरळा उदाहरण. फेडरलचं १३० ग्रेनचं एचएसटी वेगळ्या वाटेने जातं: गोळी वॅडकटरसारखी पुंगळीच्या काठापर्यंत आत बसवलेली, तोंडाला मोठा खळगा. फुलतं ते छान, पण स्पीडलोडरच्या बाबतीत वॅडकटरचाच त्रास. या दोन्हींचा धक्का वॅडकटरपेक्षा स्पष्ट जास्त आहे. लाकडी छोट्या मुठीवर तो झोंबतो, रबरी मुठीवर सुसह्य होतो. मूठ बदलणं हा काडतूस बदलण्याइतकाच परिणामकारक उपाय आहे आणि लोक तो शेवटी करतात, याचं आश्चर्य वाटतं.

११० ग्रेनची हलकी काडतुसं, उदाहरणार्थ हॉर्नाडी क्रिटिकल डिफेन्स. यात खळग्यात मऊ पॉलिमरचं टोक भरलेलं असतं, म्हणजे कापडाने तो बुजत नाही. साध्या दाबाचं, धक्का कमी, प्लस-पी न चालणाऱ्या जुन्या हत्यारात हॉलो पॉइंट हवंच असेल तर हाच पर्याय आधी बघावा. पण गोळी हलकी असल्याने फुलल्यावर खोली किमान रेषेच्या आसपासच रेंगाळते. वॅडकटर समोर असताना हे निवडायचं मोठं कारण स्पीडलोडरची सोय, एवढंच.

साधं १५८ ग्रेनचं गोलनाकं शिसं किंवा १३० ग्रेनचं पूर्ण आवरणाचं काडतूस सरावापुरतं ठेवा. १८९८ मध्ये .३८ स्पेशल आलं तेव्हा भार हा गोलनाक्या शिशाचाच होता, आणि पोलिसांनी पुढे कित्येक दशकं त्याबद्दलच तक्रार केली: आरपार जातं, काम कमी करतं. छर्ऱ्याची काडतुसं सापांसाठी आहेत, माणसाच्या जाड कपड्यापुढे त्यांचं काही चालत नाही. आत छर्रे भरून लगेच फुटणाऱ्या गोळ्या भिंतीपलीकडच्या काळजीने घेतल्या जातात, पण त्या खोलवर जाण्यातच नापास होतात. पहिलं चेंबर खोट्या आवाजाचं किंवा रबरी गोळीचं, मग खरी, हा सल्लाही सोडून द्या. घाबरलेल्या अवस्थेत कितवं काडतूस कोणतं हे कोणी मोजत नाही, आणि सिलिंडर एकदा उघडून बंद केला की क्रम कुठे गेला हे कळतही नाही. पहिलं चेंबर रिकामं ठेवण्याची जुनी सवय वेगळी. ज्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत ट्रान्सफर बार किंवा हॅमर ब्लॉक (अपघाती ठोका अडवणारे भाग) नाही त्यांत घोड्याखालचं, म्हणजे ठोका मारणाऱ्या हातोडीखालचं चेंबर रिकामंच हवं, नाहीतर हत्यार पडलं की गोळी सुटू शकते. आजच्या हत्यारांत त्याची गरज नाही.

भिंतींबद्दल सरळ बोलायचं तर जिप्समच्या पातळ भिंती आणि पोकळ दारं यातून वरचं प्रत्येक काडतूस पलीकडे जातं, हॉलो पॉइंटसुद्धा. प्लास्टरने खळगा बुजतो आणि ते न फुलताच पुढे निघतं. म्हणून ‘भिंतीत थांबणारी’ गोळी शोधण्यात अर्थ नाही. शरीरातून आरपार गेलेल्या गोळीपेक्षा चुकलेली गोळी जास्त धोक्याची, कारण तिचा सगळा वेग शिल्लक असतो. चुका कमी करणारं काडतूस हाच शेजारच्या खोलीतल्या माणसाचा खरा बचाव. त्याबरोबर घरातल्या कोणत्या दिशेला गोळी झाडायचीच नाही हे दिवसाउजेडी ठरवून ठेवा.

काडतूस निवडायची चाचणी रेंजवर अशी घ्या. पाच मीटरवर पाच इंची, म्हणजे सुमारे तेरा सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. हत्यार खाली, इशारा झाला की पाच सेकंदांत पाचही गोळ्या, प्रत्येक वेळी पूर्ण चाप ओढून. घोडा अंगठ्याने मागे ओढायचा नाही. पाचही आत बसेपर्यंत नव्हे, सलग चार-पाच वेळा पाचही आत बसल्या तर ते काडतूस पास. सुरुवात वॅडकटरने करा. ते जमलं की १३५ ग्रेनचं प्लस-पी. घरातल्या दोघांनी ही चाचणी द्यायची आणि जिथे कमकुवत हात नापास होतो त्याच्या एक पायरी खालचं काडतूस घरात ठेवायचं. वॅडकटरनेही जमत नसेल तर काडतूस नव्हे, हत्यार बदलायचा विचार करा. साडेसहाशे ग्रॅमचा पोलादी रिव्हॉल्व्हर त्याच काडतुसाचा धक्का बराच गिळतो. घरात ठेवायच्या हत्याराला हलकं असण्याचा फायदा काय, हा प्रश्न विकत घेतानाच पडायला हवा होता, पण असो.

याच चाचणीत गोळी कुठे लागते तेही कळतं. छोट्या रिव्हॉल्व्हरांची माशी (नेम धरायची नळीवरची खूण) पक्की असते, फिरवून जुळवता येत नाही, आणि बहुतेक वेळा ती १५८ ग्रेनच्या गोळीसाठी धरलेली असते. जड आणि संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, तेवढ्यात धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून ती वर लागते. हलकी आणि वेगवान गोळी खाली लागते. पाच-सात मीटरवर हा फरक सहसा थोडाच असतो, तरी वर्तुळाच्या कडेला लागणाऱ्याला तो जाणवतो. टेकू घेऊन, सावकाश पाच गोळ्या मारून तो आधी मोजा, म्हणजे चूक हाताची की काडतुसाची हे वेगळं करता येईल.

आता हलक्या रिव्हॉल्व्हरातला सगळ्यात दुर्लक्षित बिघाड: गोळी पुंगळीतून पुढे सरकणं. हत्यार धक्क्याने झटक्यात मागे येतं, पुंगळीची कडा सिलिंडरला धरून मागे ओढली जाते, आणि आतली जड गोळी जडत्वाने जागच्या जागी राहते. प्रत्येक गोळीबरोबर न झाडलेल्या काडतुसांची गोळी अशी कणाकणाने बाहेर येते. शेवटी एखादीचं नाक सिलिंडरच्या पुढे डोकावतं, नळीच्या बुडाला अडतं आणि सिलिंडर फिरायचा थांबतो. चाप हलत नाही. पिस्तुलासारखं स्लाइड मागे ओढून हे सुटत नाही. सिलिंडर उघडायलाही जोर लागतो. हत्यार जितकं हलकं, गोळी जितकी जड, भार जितका जोरकस आणि गोळीवरची पुंगळीची पकड जितकी ढिली, तितकी शक्यता जास्त. नुसत्या शिशाच्या गोळ्या, ज्यांना पकड धरायला आवरण नसतं, त्या जास्त सरकतात.

तपासायचं असं. एका काडतुसाच्या बुडाला मार्करने खूण करा आणि कॅलिपरने त्याची पूर्ण लांबी मोजून लिहून ठेवा. सिलिंडर बंद करताना खुणेचं काडतूस बरोबर घोड्याखाली, म्हणजे वरच्या चेंबरमध्ये येऊ द्या. चाप ओढताना सिलिंडर आधी फिरतो, त्यामुळे बंद करताना वर असलेलं चेंबर सगळ्यात शेवटी झाडलं जातं, सिलिंडर कोणत्याही बाजूला फिरणारा असो. चार गोळ्या झाडा, खुणेचं काडतूस काढून मोजा. नवी चार घालून तेच पुन्हा. आठ धक्क्यांनंतर लांबी पाव मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली असेल तर त्या रिव्हॉल्व्हरात ते काडतूस नको. हेच काडतूस पोलादी फ्रेममध्ये निर्धास्त चालेल, त्यामुळे दुसऱ्याचा अनुभव इथे उपयोगाचा नाही. पुंगळीत पूर्ण आत बसलेल्या वॅडकटरला हा त्रास जवळपास होतच नाही, कारण सरकायला पुष्कळ जागा असते. काही अतिहलक्या मॅग्नम रिव्हॉल्व्हरांच्या नळीवर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नये असं कोरलेलं असतं. त्याचं कारण निराळं, हलक्या गोळीमागची जास्तीची जळती दारू टायटॅनियमचा सिलिंडर खाते. कारण कोणतंही असो, कोरलेलं पाळायचं.

दुसरा बिघाड प्रायमरचा, म्हणजे ठोक्याने पेटणाऱ्या बुडातल्या टोपीचा. काडतूस उलटं धरून बुडावरून बोटाचं टोक फिरवा. प्रायमर कडेच्या पातळीत किंवा केसभर आत असायला हवा. वर आलेला लागला तर ते काडतूस वेगळं काढा. तो मागच्या पत्र्याला घासतो आणि चाप मध्येच जड होतो. घरात ठेवायच्या प्रत्येक काडतुसाची ही तपासणी करायची आणि भरल्यावर सिलिंडर हाताने एक फेरी फिरवून बघायचा. हे करताना नळी सुरक्षित दिशेला आणि बोट चापाबाहेर.

तिसरा: ठोका बसतो पण गोळी सुटत नाही. चाप हलका करायला घोड्याची मुख्य स्प्रिंग बदललेली असेल तर पहिला संशय तिच्यावर. कारखान्याची स्प्रिंग परत बसवा. खऱ्या प्रसंगात उपाय एकच, चाप पुन्हा ओढा, पुढचं काडतूस येतं. रेंजवर मात्र नळी समोर ठेवून निदान तीस सेकंद थांबा, मगच सिलिंडर उघडा, कारण क्वचित प्रायमर उशिराने पेटतो. आणि आवाज फुसका आला, धक्का जाणवला नाही, तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. सगळी काडतुसं काढून, नळी आरपार दिसते का ते पाहिल्याशिवाय पुढची झाडायची नाही.

चौथा बिघाड पुंगळ्या काढताना. आखूड नळीखालची दट्ट्याची कांडी आखूड असते, ती पुंगळी पूर्ण बाहेर ढकलत नाही, प्लस-पी फुगून जास्त चिकटतं. नळी सरळ वर करा, तळव्याने कांडीवर एकदाच जोरात फटका द्या, हळू दाबू नका. हळू दाबलं की पुंगळी अर्धी येऊन तारेच्या आकाराच्या काढणीपट्टीखाली सरकते, आणि ती नखाने उकरत बसावं लागतं. नळी वर करण्याचं आणखी एक कारण: न जळलेल्या दारूचे कण खाली पडतात. ते पट्टीखाली साचले की सिलिंडर बंद होत नाही. निकेलचा मुलामा दिलेल्या पुंगळ्या जरा सहज निघतात आणि कमी गंजतात, पर्याय असेल तर त्या घ्या. .३५७ च्या चेंबरमध्ये सतत .३८ वापरलं की आखूड पुंगळीच्या तोंडाशी कार्बनचं कडं धरतं. ब्रशने ते काढलं नाही तर पुढे मॅग्नम आत जात नाही.

हात खरोखरच कमजोर असतील तर .३२ एस अँड डब्ल्यू लाँग विचारात घ्या. १८९६ चं काडतूस, गोळी ९८ ग्रेनच्या आसपास, धक्का नगण्य, आणि छोट्या फ्रेममध्येही सहा चेंबर बसतात. यातही १०० ग्रेनचं वॅडकटर मिळतं आणि गोलनाक्यापेक्षा तेच बरं. जुन्या छोट्या .३२ एस अँड डब्ल्यूची काडतुसं यात बसतात आणि चालतात. .३२ एसीपीची पिस्तुलाची काडतुसंही पुष्कळदा आत बसतात, पण ती वापरू नका: त्यांची दाबाची मर्यादा २०,५०० पीएसआय, लाँगची १५,०००. .२२ चा धक्का सगळ्यात कमी, पण कडेवर ठोका बसणाऱ्या काडतुसांत फुसकी निघण्याचं प्रमाण जास्त आणि .२२ रिव्हॉल्व्हरांचा चाप बहुधा जडच असतो, म्हणजे ज्याच्यासाठी घेतलं त्यालाच तो ओढवत नाही.

हॉलो पॉइंट घेण्याआधी कायदा बघा. १८९९ च्या हेग जाहीरनाम्यातली फुलणाऱ्या गोळ्यांवरची बंदी राष्ट्रांमधल्या युद्धाला लागू आहे, नागरिकांना नव्हे. पण नागरिकांवर बंदी घालणारे स्थानिक नियम काही ठिकाणी आहेत, आणि परवान्यावर काडतुसांची संख्याही ठरवून दिलेली असू शकते. संख्या कमी असेल तर वॅडकटरचा आणखी एक फायदा: सराव आणि बचाव एकाच काडतुसाने होतो. एकाच लॉटची निदान पंचाहत्तर घ्या. पंचावन्न ते पासष्ट दोघांच्या वरच्या चाचण्यांत जातील, दहा घरासाठी उरतील.

भरलेल्या काडतुसांचा शत्रू ओल आणि तेल. साफसफाईनंतर चेंबर कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून मगच भरा. पातळ झिरपणारं तेल प्रायमरच्या फटीतून आत जाऊ शकतं. चामड्याच्या पट्ट्यातल्या घरांत काडतुसं कायमची ठेवू नका, पितळेवर हिरवट थर धरतो आणि ते चेंबरमध्ये अडकतं. जादाची पाच स्पीडलोडरमध्ये किंवा रबरी पट्टीत, रिव्हॉल्व्हर कुलपात, किल्ली किंवा आकडा दोघांकडेच. वर्षातून एकदा सिलिंडरमधली पाच आणि जादाची पाच रेंजवर झाडून टाका आणि नवी भरा. नवा लॉट असेल तर प्रायमरची तपासणी, नेमाच्या पाच गोळ्या आणि हलकी फ्रेम असेल तर खुणेच्या काडतुसाची मोजणी, हे तिन्ही पुन्हा.